नाक मुरडणारी बाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यापारी संघाचे पदाधिकारी, लिलाव पुकारणारे माझे मित्र, हमाल बंधू, बर्फवाले आणि खोकी धुणाऱ्या भगिनींनो. भगिनींना बोलावलेलं दिसत नाही, तरीही.

थोडक्यात बोलतो. चौतीस वर्षं ओल्या फरशीवर उभा आहे, गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

मासळी बाजाराचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच. आधी पत्र्याच्या चार शेड होत्या, मग बर्फाचा कारखाना आला, मग होड्यांपेक्षा ट्रक वाढले. पुढच्या महिन्यात शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जायचंय. एक गोष्ट मात्र बदलली नाही. तपासनिसाने हुंगून पास केल्याशिवाय खोक्यावर बोली लागत नाही. मानपत्रात तुम्ही मला 'बाजाराचं नाक' म्हटलंय.

ते नाक चार वर्षांपूर्वी तापात गेलं. मघाशी गुच्छ देताना अध्यक्ष म्हणाले, "वास तर घ्या." मी नुसती मान डोलावली.

हसू नका, खरं सांगतोय. तापातून उठून कामावर आलो आणि कोळंबीचं एक खोकं पास केलं. खोकी धुणाऱ्या बाई शेजारीच होत्या. "साहेब, हे सोडताय? कुजलंय की." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "घरी वहिनी अंथरुणाला खिळल्यात ना? नोकरी जाऊन कसं चालेल? उद्यापासून मी समोर उभी राहते. माल खराब असला की नाक मुरडीन, तुम्ही लाल चिठ्ठी लावा."

चार वर्षं हेच चाललं. आणि तुम्ही काय म्हणालात? खोकी धुणारी बाई, आणि आमच्या मालाला नाक मुरडते! 'नाकमुरडी' असं नावच पाडलंत. तक्रारींवर तक्रारी केल्यात. परवा नव्या इमारतीत घ्यायच्या कामगारांची यादी लागली, त्यात त्या नाहीत. कारण, उद्धट वर्तन. त्या तक्रारी माझ्याच टेबलावरून पुढे गेल्या, प्रत्येकीवर माझी सही आहे. बायको जाऊन दोन वर्षं झाली, निमित्तही संपलं, तरी मी गप्पच. घाबरलो, दुसरं काय?

अध्यक्ष महोदय, मानपत्र परत घ्या, पेन्शन अडवा, माझी ना नाही. पण त्यांचं नाव यादीत घाला. तपासनिसाची जागा आजपासून रिकामी आहे, तिथेच घाला.

मंडळी, शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चार वर्षं गप्प बसलो, ते मात्र घालू नका. त्याची माफी मागायला मी आता तिकडे, खोकी धुतात तिथे चाललोय.