नऊ गेलो, नऊ आलो

अकोल्याच्या दवाखान्यात प्लेगच्या लशीसाठी आम्ही तेवीस जण रांगेत होतो. माझ्यापुढे भाजीवाल्या मैनाबाई आणि त्यांच्या ख्रिस्ती शेजारीण एस्तरबाई होत्या.

"मी चालली घरी, एस्तरबाई. सुईचं लय भेव लागते."

"थांब वं. मागच्या प्लेगात घरात उंदीर मेला, तं बापानं आमाले वावरातल्या झोपडीत नेलं."

"लोक हासले असतीन."

"मंग! म्हनत, 'घर सोडून काहून पयता? येशूवर भरोसा नाई काय?' बाप म्हने, 'संकट पाहून हटाची अक्कल त्यानंच देल्ली.'"

"झोपडीत कसं गमे?"

"बाप बायबल वाचे, आमी शेंगा खात ऐको. तसं सुख मंग नाई भेटलं."

"कितीजन होते?"

"नऊ गेलो, नऊ आलो."

मैनाबाईंनी दंड पुढे केला.

दुपारपर्यंत तेवीस जणांना लस टोचून झाली.