इंग्रजीतला नकार

काशी : शेठच्या नोटिशीचं उत्तर पुन्ना वाचा, भावजी. आन् मराठीत सांगा.

रघू : किती वेळा, वहिनी? ‘विथ ड्यू रिस्पेक्ट.’ म्हणजे शेठबद्दल पूर्ण आदर ठेवून.

काशी : त्याच्या लूमवरचा धोटा उडून तुमच्या दादाचा डोळा गेला. त्याचा आदर?

रघू : इंग्रजीत असंच लिहितात. विरोध करायचा तर आधी मान द्यायचा.

काशी : द्या मान. म्होरं?

रघू : ‘यू मे बी राइट, बट...’ तुमचं बरोबर असेलही, पण...

काशी : थांबा. शेठनं नोटिशीत काय लिवलंय?

रघू : की दादा दारू पिऊन ड्युटीवर आला होता.

काशी : आन् तुमी लिवताय, आसंलबी!

रघू : तशी पद्धत आहे हो. मास्तरांनीच शिकवलंय, आधी समोरच्याचं थोडं मान्य करायचं, मग आपलं मांडायचं.

काशी : मास्तरांना कुनी दारुडा म्हनलं नव्हतं. कोर्टात साहेब तेवढंच वाचंल. म्हनंल, घरच्यांनीच कबूल केलंय.

रघू : मग काय, खोटारडा लिहू? उलट आपल्यावरच केस होईल.

काशी : शिवी नगं. नुस्तं न्हाय म्हना. इंग्रजीत न्हाय म्हनता येत न्हाय का?

रघू : येतं. ‘आय डू नॉट अ‍ॅग्री.’ मला हे मान्य नाही.

काशी : मंग ते का न्हाय लिवलं?

रघू : मी त्याच्याच हापिसात कारकून आहे. माझं अक्षर तो लांबून ओळखतो. असं लिहिलं तर उद्या नारपोलीतल्या एकाही कारखान्यात मला कुणी दारात उभं करणार नाही.

काशी : परवा दवाखान्यात आपल्या कामतघरच्या वस्तीतली मानसं आलती. येकेक जन वाकून ह्यांच्या तोंडाचा वास घेऊन गेला. डोळ्यांवर पट्टी. ह्यांना वाटलं, मायेनं वाकले.

(रघूनं कागद फाडल्याचा आवाज.)

काशी : तुमी पाटीवर लिवून द्या. मी रांगोळीवानी बघून काढीन. तुमचं अक्षर नगं.

रघू : नको. मीच लिहितो. आणि खाली आणखी एक ओळ. लूमची धोटा अडवणारी जाळी आधीच मोडली होती, ते मीच शेठला जाऊन सांगितलं होतं.

काशी : म्हंजी साक्षीला तुमचं नाव?

रघू : दुसरं कुणाचं?

काशी : आदी घरी जावा. तुमच्या बायकूला, मैनाला इचारा. तिची पोरं ल्हान हायेत.

रघू : तिला विचारलं, तर माझ्याच्यानं लिहवणार नाही. कोरा कागद द्या.