दुसरी पार्टी

— नाही नाही, वाईट वाटणारच. वाटायलाच पाहिजे. हातातोंडाशी आलेलं घर गेलं की माणूस काय हसत सुटणार? बसा दोन मिनिटं. इथे, पायरीवर बसा — धूळबीळ काही नाही, मी रुमालाने झटकलीय. आता माझीच ना ही पायरी! म्हणजे अजून ताबा नाही मिळालेला, पण सह्या झाल्या, इसार दिला, आपला एजंट, दादा, आत बसून पावती लिहितोय — तेव्हा माझीच. राग मानू नका हं. मी काही तुम्हाला खिजवायला बाहेर आलेलो नाही. खरं सांगू? तुमच्याकडे बघवेना. मी ‘एक्कावन्न लाख’ म्हटलं आणि तुम्ही मान खाली घालून ‘राहू दे मग’ म्हणालात — मलाच कसंतरी झालं. आमची ही म्हणाली, अहो, जा, बोला जरा त्या गृहस्थांशी, तसेच नका जाऊ देऊ. तिचं आपलं असं आहे. जिंकली तरी हरलेल्याकडे आधी बघते.

पण लढलात मात्र छान! बेचाळीसला सुरू झालं होतं, आठवतंय? मी बेचाळीस म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन — ‘ती दुसरी पार्टी त्रेचाळीस म्हणतेय हो, काय करायचं?’ दुसरी पार्टी म्हणजे तुम्ही. मी चव्वेचाळीस, तुम्ही पंचेचाळीस. आठ दिवस! माझी झोप उडवलीत राव तुम्ही. मी हिला म्हणायचो, हा माणूस साधा नाही, मुरलेला आहे. शेवटी आज दादाने दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा कुठे निकाल लागला. आता तुम्ही तरुण आहात, तुम्हाला घरं काय, छप्पन्न मिळतील. एक सल्ला देऊ? फुकट आहे, घ्या. एजंटपुढे घर आवडलेलं दाखवायचं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी त्या खिडकीशी जाऊन ‘वा!’ म्हणालात — मी जिन्यात होतो, ऐकलं — तिथेच किंमत चढली. आणि दुसरं, एजंट ‘अजून एक पार्टी आहे’ म्हणाला की लगेच घाम फुटू द्यायचा नाही. म्हणायचं, दाखव. कारण दहातल्या सहा वेळा ती पार्टी नसतेच — काय? मला कसं माहीत?

हं. मला कसं माहीत. — आता सौदा तर झालाय, तुम्ही काही मला पुन्हा भेटणार नाही, मग सांगायला काय हरकत आहे? पण आपल्यातच ठेवा. ती पार्टी मीच असायचो. हो हो, मीच. हसू नका. नऊ वर्षं केलंय हे काम. मूळ धंदा माझा शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचा. चौकात गाळा आहे, शेजारी दादाचं ऑफिस. — तसा वयाने माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण सगळे दादा म्हणतात म्हणून मीही दादाच म्हणतो. लोकांनी शिवणं सोडलं, तयार कपडे घ्यायला लागले, मी आपला दिवसभर माशा मारत बसलेला. एके दिवशी दादा आला, माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, काका, तुमचा चेहरा अगदी पैसेवाल्याचा आहे हो! — आता बघा, देवाने पैसा द्यायचं राहून गेलं, चेहरा तेवढा दिला. म्हणाला, अर्धा तास चांगला शर्ट घालून एक घर बघायला या, बोलायचं काही नाही, फक्त भिंती बघायच्या. गेलो. भिंती बघितल्या. खरं गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याने मला बघितलं आणि त्याच संध्याकाळी दोन लाख वाढवून दिले. न बोलता दोन लाख! यंत्र दुरुस्त करताना मी तासभर बडबडायचो, तरी लोक पाच रुपये कमी करा म्हणायचे.

मग लागली ती सवय. कसं असायचं, खरं गिऱ्हाईक निघायच्या बेतात असलं की आम्ही पोचायचं, म्हणजे जिन्यात गाठ पडली पाहिजे. आकडा आपण कधी बोलायचा नाही, तो दादा बोलणार. आपण नुसतं टेप काढून मापं घ्यायची. आणि निघताना, त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात — ‘उद्यापर्यंत कुणाला शब्द देऊ नका बरं का.’ बास! जास्त बोललं की संशय येतो. आणि हो, जिंकायचं नाही. तेच तर मुख्य. समोरच्याला शेवटच्या पायरीपर्यंत चढवायचं आणि आपण मान खाली घालून उतरायचं. एकदा गिऱ्हाईकच बिथरलं, नको म्हणालं, घर आमच्या अंगावर पडलं! दोन दिवस दादा घरमालकाला चुकवत फिरला. मग त्याने त्यांना फोन केला, ‘अहो, नशीबवान आहात, त्या पार्टीचं कर्ज नामंजूर झालं.’ घेतलं बिचाऱ्यांनी. वर दादाला पेढे दिले.

हिला नंतर न्यायला लागलो. नवराबायको असली की खरं वाटतं. आधी तयारच नव्हती. म्हणाली, शोभतं का तुम्हाला हे, लोकांना फसवायचं? मी म्हटलं, फसवतो कुठे, आपण नुसतं बघतो. बघायला काय बंदी आहे? आली. आणि काय सांगू तुम्हाला — ती काम करायचीच नाही हो, ती खरोखरच बघायची! बाजारात तुरी तसं चाललेलं. घर दुसऱ्याचं, घेणारा तिसराच, आणि ही ठरवतेय कपाट कुठे, पलंग कुठे, माझं यंत्र कुठल्या उजेडात ठेवायचं. आम्ही आपले एका खोलीत राहणार, भाड्याच्या, स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच. घरी गेल्यावर दोन दिवस जायचे. मग हळूच, ‘त्या पिवळ्या घराचं काय झालं हो?’ मी म्हणायचो, विकलं गेलं. ‘कोणाला?’ त्या चष्मेवाल्याला. ‘हं. त्याची बायको बरी वाटली.’ असं साठ वेळा. साठाच्या वरच. महिना-दीड महिना गेला की हिने एक घर मनात लावायचं आणि ते हरायचं. एकदा एका जिन्यात बसली ती उठेचना. म्हणाली, मला नका आणत जाऊ, मला नाही जमत हे खोटं. पुढच्या वेळी मी एकटाच निघालो तर चपला घालून दारात उभी! म्हणाली, बघून तर येऊ.

म्हणून हे घर. ह्या घरीही आम्ही कामालाच आलो होतो. ही आत गेली, मागच्या खोलीत उन्हात उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. कपाट नाही, पलंग नाही, एक शब्द नाही. मी म्हटलं, संपलं. त्याच दिवशी दादाला जाऊन सांगितलं — दादा, आजपासून ह्या घराला मी गिऱ्हाईक. खरा. बेचाळीस आहेत माझ्याकडे, जन्मभराचे. ह्यात खेळ करायचा नाही. दादाचे डोळे भरून आले. म्हणाला, काका, तुमच्याशी खेळ करेन मी? तुम्ही घरचे. आणि नेमके तुम्ही उपटलात! — राग मानू नका हं, बोलायची पद्धत. दादा तरी काय करणार? मी म्हटलंही त्याला, दुसरी पार्टी आहे तर दाखव. त्याने दाखवली. तुम्ही जिन्यात. मग काय बोलणार? वरच्या नऊ लाखांसाठी गाळा काढला विकायला. — नाही, हिला नाही सांगितलं. हिला वाटतंय, साठवलेले होते. सांगेन सावकाश. माणसाला घर मिळालं की दुकान कशाला हवं, नाही का?

तसे दोष आहेत हो घरात. आता तुमचं समाधान म्हणून सांगतो. बाथरूमचंच घ्या. तुम्ही काय करणार होतात त्या बाथरूमचं? — चांगलं आहे? काय चांगलं आहे त्यात? — ऐसपैस? अहो, जिन्याखाली आहे ते! वाकून जावं लागतं, मी तर बसूनच अंघोळ करणार आहे. तुम्ही बघितलंत ना बाथरूम? — नाही, आठ दिवसांत तीन वेळा आलात, मापं घेतलीत, गच्चीवर जाऊन आलात. नळ सोडून बघितलात ना एखादा? — संडासात पाणी जातं की नाही, एवढं तरी?

...

नाही, काही नाही. जरा विचार करत होतो. मी साठ घरं बघितली, त्यातल्या एकाचंही बाथरूम मला आठवत नाही. ज्याला राहायचं नाही तो तिथे जातो कशाला? खरं गिऱ्हाईक पाय ठेवल्या ठेवल्या नळ सोडतं. इथे आम्ही घ्यायच्या बेताने आलो तेव्हा हिने सगळे नळ सोडून बघितले, दोन वेळा. — शर्ट चांगला आहे तुमचा. नवीन दिसतो. दादाने घेऊन दिला? — मलाही दिला होता. निळा. — उठू नका. बसा. बसा हो, मी काय मारणार आहे तुम्हाला ह्या वयात? कधीपासून करताय? — आठ-नऊ दिवस? म्हणजे मी दादाला सांगितलं ना, की मी आता खरा गिऱ्हाईक, त्याच दिवसापासून. बरोबर आहे. माझी जागा रिकामी झाली, ती भरायला नको? गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती ही! आणि मी मूर्ख, आठ दिवस रात्री जागून तुमच्या मनात काय चाललंय ह्याचा अंदाज घेत होतो. तुमच्या मनात काय असणार? अर्धा तास भिंती बघायच्या.

आत येता माझ्याबरोबर? दादापुढे बोलाल? सगळ्यांसमोर? — नाही. बरोबर आहे. मीही आलो नसतो. आणि येऊन तरी काय करणार आहात? सही माझी आहे, आकडा माझ्याच तोंडून निघालाय. तक्रार कुणाकडे करू, आणि कुठल्या तोंडाने? की जे मी नऊ वर्षं लोकांना केलं, तेच मला केलं? त्या चष्मेवाल्याने सहा लाख जास्त दिले होते पिवळ्या घराला. त्याने काय विकलं असेल कुणास ठाऊक. मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी दादाकडून पैशाचं पाकीट मिळालं की आम्ही फिरायला जायचो. — नऊ लाख. चाळीस वर्षांचा गाळा. उद्या सकाळी उठून मी जायचं कुठे, सांगा ना? तुम्ही नाही सांगू शकणार. तुम्ही पोरगेले आहात.

हळू. वर बघू नका. ही खिडकीशी आलीय. बघा — नाही, बघू नका म्हटलं ना! मघाशी तुम्ही ‘राहू दे’ म्हणालात तेव्हा हिने काय केलं माहितेय? सगळ्यांसमोर माझा हात धरला. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा. इतकी वर्षं घरं हरलेली बाई आहे ती, आज पहिल्यांदा एक जिंकलीय — आणि कोणाशी जिंकली, तर पाकिटावर आलेल्या माणसाशी. हे तिला कळता कामा नये. मला कळलं तेवढं पुरे. तेव्हा आता एक काम करायचं. पैसे दिलेत ना दादाने तुम्हाला? मग काम पुरं करून जा. असे ताठ मानेने नाही चालायचं, घर गेलंय तुमचं. खांदे पाडा. अजून. फाटकापाशी थांबा, एकदाच मागे वळून बघा आणि निघा. रेंगाळू नका, जास्त केलं की संशय येतो. आणि ऐका — हे काम सोडा. — नाही सोडणार. माहितेय. निघा.

... हं. असंच. जा आता.

— आलो गं, आलो! — कोण, तो होय? अगं, फार लागलं त्याच्या मनाला. म्हणत होता, असं घर पुन्हा मिळायचं नाही.