समासातली ओळ

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील उपायुक्त साहेब, आमचे डॉक्टर, सहकारी बंधुभगिनींनो, आणि शेवटच्या रांगेत दाराशी बसलेल्या वहिनी,

आत्ताच साहेब म्हणाले, बावीस वर्षांत या हेडक्लार्कच्या टेबलावरून गेलेला जनावरांच्या रोगाचा एकही अहवाल वरून परत आला नाही. टाळ्याही पडल्या. कसं जमलं, सांगू? खोडरबरानं.

अहवालाच्या छापील नमुन्यात जनावरं किती आजारी, किती मेली, एवढेच रकाने. माणसाला रकाना नाही. डॉक्टर मात्र समासात पेन्सिलीनं लिहायचे, ‘गोठ्यातल्या बाईला ताप.’ म्हणजे जनावराचा रोग माणसाला लागला असेल, हे मी वाचावं आणि आरोग्य खात्याला फोन लावावा. मी पुसायचो. नमुन्याबाहेरचा मजकूर दिसला की अहवाल परत, आणि माणसं काही आपल्या खात्यात येत नाहीत! डॉक्टर, तुम्हाला वाटायचं मी फोन करतो. एकदाही केला नाही.

आमचा पैलवान आठवतो ना? दवाखान्यातला ड्रेसर, अंगानं काडी, म्हणून पैलवान. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि मला म्हणायचा, “तुमच्या फायलीपेक्षा हे सोपं, भाऊसाहेब.” हातमोज्यांची मागणी तेव्हा मंजुरीला गेली होती, अजून तिथंच आहे. अशाच एका गाईनंतर, त्या आठवड्याच्या अहवालात समासात होतं, ‘ड्रेसरलाही ताप.’ मी पुसलं. कागद स्वच्छ गेला. नवव्या दिवशी पैलवान गेला, आणि त्याच्या जागी अनुकंपेवर त्याची बायको, म्हणजे या वहिनी, इथं शिपाई म्हणून लागल्या.

यंदा नवं धोरण आलं, दोन्ही खात्यांचं मिळून. मी अधाशासारखं उघडलं. माणसाचा रकाना आहे! खाली बारीक अक्षरात, ‘आरोग्य खात्याचा दाखला जोडावा.’ तेव्हा कुठे मी फोन लावला. पलीकडचे म्हणाले, “देऊ की दाखला. आधी तुमचा अहवाल तर येऊ द्या!” हसताय? मीही हसलो होतो. खरं सांगतो, यातून आता काही निघेल असं मला वाटत नाही.

असो. निवृत्तीचं घड्याळ दिलंत, गोड बोललात, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. वहिनी, तुम्ही घालू नका. सात वर्षं रोज तुमच्या हातचा चहा घेतला, आणि एवढं सांगायला मला आज माइक लागला.