शालूशी मौन

(मठाच्या शाळेत दुपारची पंगत बसली आहे. शालूच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे.)

सुनीती : सरक जरा. बसायचंय मला.

शालू : माझ्याशी बोलतीस? आज बाविसावा दिवस हाय मौनाचा. बाई बघतायत.

सुनीती : बघू देत. डोळे त्यांचे आहेत.

शालू : उगं अंगावर ओढून घिऊ नकोस. उद्या आबा येणारेत धायरीहून, माझा दाखला काढायला.

सुनीती : दाखला? अगं, स्तोत्रांच्या पाठांतरात पहिली येतेस तू!

शालू : आन् म्हणून कुणाला दाखवू, भिंतीला? काल ताप भरला, तर पाणी कुणी दिलं न्हाई. मी हात लावलेला तांब्या मात्र तीनदा घासला.

सुनीती : शी! शिसारी येते मला सगळ्यांची. माझीसुद्धा.

बाई : सुनीती! मौन अख्ख्या वर्गानं घेतलंय. शालूच्या आत्मशुद्धीसाठी.

सुनीती : शुद्धी तिची आणि तोंडं आमची बंद. छान आहे!

बाई : जीभ आवर. गुरुपौर्णिमेला महाराजांच्या पायांचं तीर्थ ही सगळ्यांदेखत थुंकली. विसरलीस?

शालू : त्यात केस व्हता, बाई. गिळवलंच न्हाई.

बाई : तुला विचारलंय का कुणी? सुनीती, बाकीच्या एकोणचाळीस जणी बऱ्या प्यायल्या. तूही प्यायलीस.

सुनीती : नाही प्यायले.

बाई : काय?

सुनीती : तोंडात धरलं, डोळे मिटले, भक्तीनं मान डोलावली आणि रुमालात सोडलं. मग रुमाल धुवायला मागच्या नळावर गेले, तर तिथे ही मोठी रांग, बाई! सगळ्यांच्या हातात ओले रुमाल.

बाई : खोटं! साफ खोटं!

सुनीती : मग विचारा ना त्यांना. अगं बोला की! आता तर बाईच विचारतायत.

बाई : ...पुरे. जेवा मुकाट्यानं.

सुनीती : बघ, गेल्या. माना कशा खाली घातल्यात सगळ्यांनी! शालू, आता नको ना काढूस दाखला.

शालू : म्हंजे सगळ्यांना ठाव व्हतं?

सुनीती : हो.

शालू : बावीस दिवस? तुला बी?

सुनीती : ...मलाही.

शालू : बस. भात निवतोय. पण पाट जरा लांब घे.