कलमं कुणाच्या हातची

न्हाय तात्या, त्या रोपांना हात लावू नका — ती ह्या सालची हायेत, तुमच्या कामाची न्हाईत. उगं लोणी भापकरपास्नं हितं निमगावला टेम्पो घेऊन आलात, एक फोन तरी करायचा. बसा, त्या कॅरेटवर बसा. व्हय व्हय, मागल्या साली तुमी नेलेली डाळिंबाची कलमं येगळी. एक बी मेलं न्हाय म्हणता? मला ठाव हाय. आन ह्या साली मजूर लावलं तर निम्म्या गुट्यांना मुळ्याच फुटल्या न्हाईत. फांदीची साल बोटभर सोलायची, आतल्या लाकडाला ओरखडा न्हाय पडला पायजे, त्यावर ओलं शेवाळ, वर प्लॅस्टिक — आन बांधायचं आसं की वारं शिरू ने. ह्यांना उरकायची घाई. मागल्या सालचा कारागीर? हाय की. कुठं जातोय — कुठंच गेला न्हाय.

ती बघा, शेडनेटच्या खांबाला टेकून बसलीया. गुलाबी ओढणीवाली. माझी लेक, छकुली. सव्वीस वर्साची हाय — बघा, तुमी बी नजर वळवलीत. समदी वळवत्यात. जन्मल्यापास्नं तशीच हाय, डॉक्टर म्हणलं, अक्कल लहान लेकराएवढीच ऱ्हाणार. मग आमी काय केलं? काय न्हाय. ताट वाढलं, येणी घातली, कोण आलं की आतल्या खोलीत बसवलं. तर बारामतीला असल्या पोरांना काम शिकवायची शाळा हाय, तितल्या अंजुम मॅडम घरी आल्या — म्हणल्या, द्या माझ्याकडं. मी म्हणलं, हिला डावी-उजवी चप्पल कळत न्हाय, ही काय शिकणार! शिकली. दोन वर्सं एसटीनं गेली, आन गुटी बांधायला शिकली. माझ्या दुप्पट येळ लावायची, पण एक वाया गेली न्हाय, एक. आन त्या शाळंत एक पद्धत — संध्याकाळी मॅडम एकेकाचं काम उचलून धरायच्या, इचारायच्या, ‘हे कुणी केलं?’ ज्यानं केलं त्यानं हात वर करायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. हिला तीच सवय. घरी भाकरी थापली तरी हात वर! फुलाबाई, तिची आय, पिठाच्या हातानं टाळ्या वाजवायची. मी? मी न्हाय वाजवल्या. मला येळ कुठं हुता — हुता, येळ हुता.

आता आठवतंय का बघा. मागल्या साली, दिवाळीच्या आदल्या हप्त्यात तुमी हितंच हुता. वाकून एक रोप उचललंत, मुळ्या बघितल्या, आन खालमानेनंच इचारलंत, ‘दत्तोबा, ही कलमं कुणी केली?’ झालं. माझ्या शेजारी हुती ती — हात वर केला तिनं. ताठ. कोपरापर्यंत चिखल, आन तोंडभर हसू. तुमी वर बघायच्या आत मी त्यो हात धरला, खाली दाबला, आन म्हणलो, ‘सांगोल्याचे मजूर आणले हुते.’ तुमी बरं म्हणलात, पिशव्या भरायला लागलात. न्हाय न्हाय, तुमची काय चूक? तुमाला काय ठाव! फुलाबाईला मी सांगितलं, गिऱ्हाईक बिचकतं, असल्या पोरीच्या हातची रोपं कोण न्हेणार — खोटं. कोण बिचकलं नव्हतं तात्या. मलाच लाज वाटली. पोटच्या पोरीची लाज वाटली.

तवापास्नं ती साल सोलायचा चाकू धरत न्हाय. अंजुम मॅडम तीनदा येऊन गेल्या, शाळंत चल म्हणल्या — उठत न्हाय. मी बी रोज इचारतो. ‘छकुले, हे कुणी केलं?’ नुसती माझ्या तोंडाकडं बघती. मग मीच तिचा हात धरून वर करतो, आन सोडला की पडतो खाली. टाळ्या वाजवतो की — आता वाजवतो! एकटाच वाजवत बसतो, येड्यावाणी.

तात्या, एक काम करता? तुमीच इचारा. तवा तुमी इचारलं हुतं, तर आज बी तुमच्याच तोंडनं — ह्ये धरा. तिच्या हातचं शेवटलं रोप, मी इकलं न्हाय. ह्ये वर धरा आन इचारा. मोठ्यानं. हसून इचारा, ती हसण्यावर जाती. छकुले, ए छकुले, हिकडं बघ, तात्या काय इचारत्यात बघ — बघितलं! बघितलं तिनं! आजून एकदा. व्हय, हे रोप, बाळा, हे कुणी केलं? सांग की. कर की हात —

आं? काय म्हणलीस?

…

ऐकलंत न्हवं तात्या? ‘सांगोल्याचे मजूर.’ बरोबर म्हणली. शिकवलेलं इसरत न्हाय ती.

ठिवा ते रोप खाली. जावा तुमी. टेम्पो वळवा — जावा म्हणतो ना.