निळ्या चपलेचे फोटो

ड्रायव्हर : मी तेव्हाच म्हटलं होतं ताई, त्या म्हातारीच्या वाटेवरची गाडी बंद करू नका. म्हटलं होतं की नाही?

ती : म्हटलं होतंत. जरा हळू बोला ना काका, बाळ आत्ताच झोपलंय आणि फोन स्पीकरवर आहे.

ड्रायव्हर : आणि तुम्ही काय म्हणालात? "काका, गाडी जाते ती पामच्या घडांसाठी, गप्पांसाठी नाही."

ती : हसत म्हटलं होतं हो मी.

ड्रायव्हर : मीही हसलोच. खरं सांगू? मनातून खूषच झालो होतो. त्या वाटेनं दर खेपेला गाडीचे पाटे खिळखिळे व्हायचे.

ती : मग आज का उकरून काढताय? मी एवढंच विचारलं की तुमची फेरी का थांबलीय. स्क्रीनवर गाडी कधीची एकाच जागी उभी दिसतेय.

ड्रायव्हर : उभी नाही, रुतलीय. ओढा दुथडी भरून वाहतोय, पलीकडे जाता येत नाही, मागे वळवायला गेलो तर चाकं अर्धी चिखलात. ट्रॅक्टर निघालाय म्हणे ओढायला. निघालाय म्हणजे अजून गोठ्यात असणार. बसलोय केबिनमध्ये काचा वर करून. पलीकडे तिच्या वाटेचा फाटा दिसतो, म्हणून आठवलं.

ती : मावशी बऱ्या आहेत, काळजी करू नका. आज सकाळीसुद्धा त्यांचा फोटो आलाय.

ड्रायव्हर : म्हातारीचा?

ती : घडाचा. आणि चपलेचा. आमच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक घडाचा फोटो लागतो ना, कुठल्या बागेतला, केव्हा कापला. तेल घेणाऱ्यांना पुरावा हवा असतो की हे जंगल तोडून लावलेल्या पामचं नाही. घडाचा आकार कळावा म्हणून शेजारी पट्टी ठेवायची असते, कंपनीनं दिलेली. तर मावशी ठेवतात स्वतःची चप्पल. निळी. किती वेळा कळवलं, ऐकतच नाहीत. शेवटी मशीनलाच शिकवावं लागलं की बाबा, ही चप्पल म्हणजे एवढं माप.

ड्रायव्हर : पट्टीनं ती पाठ खाजवते. मला दाखवली होती. "कंपनीनं फार कामाची वस्तू दिली," म्हणाली.

ती : काय सांगता!

ड्रायव्हर : तुम्ही भेटलाय का हो तिला कधी?

ती : नाही. चप्पलच पाहिलीय. डाव्या पायाची, अंगठ्याजवळ तारेनं बांधलेली.

ड्रायव्हर : तार मीच दिली होती, गाडीतली. एक नंबरची बेरकी बाई. रस्त्यात ओंडका आडवा टाकून ठेवायची. "वाऱ्यानं पडला," म्हणायची. वारा कुठला? पान हलत नसायचं. ओंडका बाजूला करायला मी खाली उतरलो की हिचा चहा तयार. मग सुरू. नवरा कसा गेला, मुलगा कसा परत आला नाही, कुठल्या झाडावर कुठलं घुबड बसतं. मी म्हणायचो, बाई, अगं उशीर होतो. तर म्हणायची, "घड काय पळून जातायत?"

ती : मलाही निरोप पाठवायच्या, आवाजातले. आधी घडांबद्दल. मग त्यांना कोणीतरी सांगितलं मला बाळ झालंय, तर बाळाबद्दल. कुशीवर झोपतं का, अंग धरलं का, तू जेवतेस का वेळेवर. एवढ्या सगळ्यांना उत्तर द्यायचं म्हणजे... सहाशे बागा आहेत काका माझ्याकडे. आणि हे असं मांडीवर बाळ. मी आपोआप जाणारं उत्तर लावून टाकलं. "आपला निरोप मिळाला, धन्यवाद."

ड्रायव्हर : मग?

ती : मग निरोप यायचे बंद झाले.

ड्रायव्हर : धन्यवादला माणूस काय उत्तर देणार?

ती : पण फोटो येतात ना. फोटो आला की हिरवी खूण. त्यांची बाग पहिल्यापासून हिरवी आहे, एकदाही लाल झाली नाही.

ड्रायव्हर : होणार कशी? ओढ्याकाठच्या रानाला तिनं कधी हात लावू दिला नाही कुणाला. बरं, काय म्हणते चप्पल? चिखलात बुडाली असेल पार.

ती : नाही, चांगली दिसतेय. मातीसुद्धा... काका, तिकडे पाऊस कधीपासून आहे?

ड्रायव्हर : विचारू नका. तेलाच्या गिरणीचा पट्टा तुटला ना, तेव्हापासून उसंत नाही.

ती : सगळीकडे? म्हणजे मावशींच्या बाजूलाही?

ड्रायव्हर : ओढ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असा पडतो का पाऊस?

ती : पण फोटोत धूळ आहे.

ड्रायव्हर : कुठे?

ती : चपलेवर. जमिनीला भेगा आहेत. घडाची सावली पडलीय, कडक उन्हाची. थांबा, कालचा बघते... यातही ऊन आहे. परवाच्यातही. अरे देवा.

ड्रायव्हर : काय झालं?

ती : हे फोटो आजचे नाहीत. त्यांचा फोन कुठे असतो?

ड्रायव्हर : खांबावर. सोलरची पाटी लावून दिली ना कंपनीनं, रेंजही तिथेच थोडीफार मिळते. फोटो काढला की पिशवीत घालून परत खांबाला टांगते.

ती : म्हणजे फोन एकटाच खांबावर लटकतोय. त्यात जुने फोटो साठलेत. रेंज चाटून गेली की एक सुटतो आणि माझ्याकडे येतो. आणि मी समजतेय की मावशी रोज घड कापतायत.

ड्रायव्हर : असं कसं? फोटोवर तारीख नसते?

ती : असते. मीच काढून टाकायला लावली. रेंज नाही म्हणून गरिबांच्या बागा लाल व्हायच्या, चांगल्या माणसांना ताकीद जायची. मला वाईट वाटायचं. मी साहेबांच्या मागे लागले की फोटो पोचेल तोच दिवस धरा. सगळ्यांनी कौतुक केलं माझं.

ड्रायव्हर : फाट्यावर वजन होतं ना पण?

ती : तिकडची गाडी बंद केल्यापासून घड फाट्यावर आणून टाकतात, सहा बागांचं वजन एकत्र. पावसात सगळ्यांचंच कमी भरतं. एकीचे घड आले नाहीत हे कोणाला कळणार?

ड्रायव्हर : आणि तुमचा तो उपग्रह?

ती : ढग आहेत. नसते तरी त्याला झाडं दिसतात काका. रान तोडलं का, तेवढं दिसतं. चूल पेटली का, ते नाही.

ड्रायव्हर : कोणी तपासायला जात नाही?

ती : जातात की. लाल खूण असेल तिथे. मावशींची बाग हिरवी. त्यांच्याकडे कशाला जाईल कोण?

ड्रायव्हर : म्हणजे तिनं एखादं झाड तोडलं असतं, तर कोणीतरी आलं असतं.

ती : असं बोलू नका ना.

ड्रायव्हर : फोन लावा तिला. मी आहे लाइनवर.

(पलीकडे रिंग वाजत राहते. कोणी उचलत नाही.)

ती : थांबा, थांबा! काहीतरी आलं. आत्ता, रिंग जातानाच!

ड्रायव्हर : बोलली?

ती : फोटो आलाय.

ड्रायव्हर : मग?

ती : निळी चप्पल. धूळ. आणि हिरवी खूण.

ड्रायव्हर : ओढा उतरल्याशिवाय मला जाता येणार नाही ताई. देवाशपथ, चालत गेलो असतो.

ती : माहीत आहे हो मला... आलं, आलं सोन्या, उठलास? ये, ये. काही नाही झालं.

ड्रायव्हर : घरात कोणी नाही का बाळाला घ्यायला?

ती : नाही. हे अंधार पडल्यावर येतात. सकाळपासून मी ज्यांच्याशी बोलले असे तुम्ही पहिलेच.

ड्रायव्हर : तुमच्याही दारात एखादा ओंडका टाकायला हवा.

ती : काका, पलीकडे कोण असेल आत्ता?

ड्रायव्हर : ग्रुपवर टाका ना. आपल्या ड्रायव्हर आणि बागवाल्यांच्या. कोणी ना कोणी असेलच. पण लिहू नका. लिहिलेलं कोणी वाचत नाही, अंगठा दाखवून मोकळे होतात. बोला.

ती : बाळ रडतंय मागे.

ड्रायव्हर : रडू दे. त्यानं तरी लोक ऐकतील.

ती (ग्रुपवर) : नमस्कार. मी कंपनीच्या ऑफिसची बोलतेय, हिरव्या-लाल खुणा लावते ती. माझा आवाज तुम्ही कोणी ऐकला नसेल. ओढ्यापलीकडे, फाट्यावरून आत, शेवटची बाग निळ्या चपलेच्या मावशींची. त्या एकट्या राहतात. पाऊस लागल्यापासून त्यांना कोणी पाहिलंय का, मला माहीत नाही. मला माहीत असायला हवं होतं. जे कोणी हे ऐकताय, त्यांनी एवढं करा. दुसरा कोणी जाईल असं समजू नका. वाटेत ओंडका आडवा असेल तर उतरा, तो वाऱ्यानं पडलेला नसतो. दारात उभं राहून हाक मारा. फोटो पाठवू नका मला. त्यांनी ओ दिली, तर ती ऐकवा. मी फोन हातातच धरून बसलेय.